घड्याळ कधी सुरू झालं? जन्मताना गुदमरलेलं एक बाळ आणि ऑटोफॅजी

“मॅडम, बाळाचं दूध बंद ठेवलंय ते ऑटोफॅजीसाठी का?”

एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, दारात चपला काढून उभ्या असलेल्या बापाने हे विचारलं तेव्हा बाळ नऊ तासांचं होतं. तालुक्याच्या गावी त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. घरी वडिलांना मधुमेह, म्हणून तो मोबाइलवर उपवासाचे व्हिडिओ बघायचा. सोळा तास पोट रिकामं ठेवलं की पेशी आपल्याच आतला कचरा खाऊन टाकतात, हे त्याला तोंडपाठ होतं. आत पेटीत त्याचा मुलगा, तोंडात दुधाचा थेंब नाही. त्याने आपल्यापरीने धागा जुळवला.

“नाही हो,” म्हणून मी पुढे निघाले आणि चार पावलांवर थांबले. दूध बंद असण्याचं कारण वेगळं होतं. ऑक्सिजन कमी पडला की शरीर आतड्यांचं रक्त तोडून मेंदू आणि हृदयाकडे वळवतं. अशा उपाशी राहिलेल्या आतड्यात घाईने दूध टाकलं तर आतडं सडू शकतं. शिवाय हा उपवास नव्हताच. नाळेतून ग्लुकोज चालू होतं आणि दर काही तासांनी टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर बघत होतो, कारण गुदमरलेल्या मेंदूला साखर कमी पडणं म्हणजे दुसरा घाव. एवढं सगळं खरं असलं तरी त्या बाळाच्या मेंदूत त्या घडीला जे चाललं होतं त्यात ऑटोफॅजी होतीच, आणि ती त्याला तारत होती की मारत होती हे मला सांगता आलं नसतं. म्हणून हे प्रकरण लिहून काढतेय. एका बाळाचं म्हणून सांगत असले तरी ओळख पटू नये यासाठी अशाच दोन-तीन बाळांचे तपशील त्यात मिसळले आहेत.

पहाटेपर्यंत

आई २३ वर्षांची, पहिलटकरीण, ३९ आठवडे पूर्ण. कळा आदल्या संध्याकाळी सुरू झाल्या. रात्री पाणी गेलं ते हिरवट, म्हणजे बाळाने पोटातच शी केलेली. २ वाजून १० मिनिटांनी बाळ जन्मलं, पण रडलं नाही. अंग ढिलं, रंग पांढरट निळा, हृदयाचे ठोके मिनिटाला साठच्या आत. जन्मल्याबरोबर बाळाची अवस्था मोजणारे अपगार गुण, दहापैकी, पहिल्या मिनिटाला २, पाचव्याला ४, दहाव्याला ५. वजन २ किलो ८०० ग्रॅम. नाळेतल्या रक्ताची तपासणी झाली नव्हती, कारण प्रसूती झाली त्या दवाखान्यात ते यंत्रच नव्हतं. तिथल्या सिस्टरने पहिल्याच मिनिटात अंबू बॅगेने, म्हणजे हाताने दाबायच्या फुग्याने, श्वास द्यायला सुरुवात केली होती. तेवढं झालं नसतं तर हे बाळ आमच्यापर्यंत पोचलंच नसतं. दूर शहरात बसून अशा ठिकाणांना नावं ठेवणं सोपं असतं, आणि आम्ही डॉक्टर ते फार करतो.

१०८ची गाडी आली, रस्ता घाटाचा, डिसेंबरची थंडी. बाळ आमच्याकडे ६ वाजून २५ मिनिटांनी पोचलं, म्हणजे जन्मानंतर सव्वाचार तासांनी. शरीराचं तापमान ३४.६ अंश सेल्सिअस. रक्ताचा पीएच ७.१२, आम्लता अजूनही मोठी, ऑक्सिजन तुटल्याची खूण असलेलं लॅक्टेट चढलेलं. टोचलं की हात थोडा हलायचा आणि परत पडायचा. दचकण्याची प्रतिक्रिया अर्धवट, चोखणं जवळपास नाही, बाहुल्या बारीक. गुदमरलेल्या बाळाचा मेंदू किती बिघडला हे ठरवणाऱ्या, सार्नाट यांच्या १९७६च्या वर्गवारीत हे दुसऱ्या पायरीचं बाळ, म्हणजे मध्यम. आजही जगभर हीच वर्गवारी वापरतात. नवजात मेंदूच्या विकारात इतकं जुनं काही टिकून आहे याचं मला नेहमी नवल वाटतं.

फाइलमध्ये नसलेली एक गोष्ट आईने सांगितली. तिला दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आणलं, टाके ओले, पदर डोक्यावरून घट्ट. मी विचारलं, बाळ पोटात शेवटचं नीट कधी हललं? ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “परवा दुपारपास्नं कमीच होतं. सासूबाईंना बोलले होते मी. त्या म्हणाल्या, भरत आलं की बाळ शांत होतं.” सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी मान फिरवली.

परवा दुपारपासून, म्हणजे जन्माआधी बारा तासांहून जास्त. आम्ही मोजत होतो सव्वाचार.

ऊर्जा संपते तेव्हा

पूर्ण दिवसांच्या बाळाचा मेंदू साडेतीनशे ते चारशे ग्रॅमचा. मोठ्या माणसात मेंदू वजनाच्या दोन टक्के असतो आणि शरीर वापरतं त्यातला सुमारे २० टक्के ऑक्सिजन एकटा खातो. बाळात मेंदूचा वाटा वजनातच दहा टक्क्यांच्या वर जातो, तेव्हा त्याची भूक किती असेल बघा. ही ऊर्जा मोठ्या प्रमाणात एका साध्या कामावर खर्च होते. चेतापेशीच्या पडद्यात बसलेला पंप सतत सोडियम बाहेर फेकतो आणि पोटॅशियम आत घेतो. ऑक्सिजन गेला की एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, संपतं, पंप बंद पडतो, पाणी आणि सोडियम आत घुसतात, पेशी ग्लुटामेट हे उत्तेजित करणारं रसायन ओकते, शेजारच्या पेशी त्याने पेटतात, आत कॅल्शियमचा लोंढा येतो. हा पहिला घाव.

बाळाला श्वास मिळाला, रक्त फिरू लागलं की बऱ्याच पेशी सावरतात. एटीपी परत येतं. पुढचे साधारण सहा तास मेंदू वरवर ठीक दिसतो. त्यानंतर, सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत, मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं, पुन्हा ढासळतात आणि पहिल्या घावातून वाचलेल्या पेशी मरतात. हा दुसरा घाव पहिल्याहून मोठा असू शकतो. नवजात मेंदूवरचे सगळे उपाय मधल्या त्या सहा तासांच्या फटीत घुसवायचे असतात.

ऑटोफॅजी इथेच जागी होते. मराठीत तिला स्वभक्षण म्हणता येईल. पेशी आपल्या पोटातला नको असलेला माल, म्हणजे मोडकी प्रथिनं आणि नादुरुस्त मायटोकॉन्ड्रिया, दुहेरी पडद्याच्या पिशवीत भरते. ती पिशवी लायसोसोमला जाऊन मिळते. लायसोसोम म्हणजे पाचक रसांची थैली. तिथे मालाचे तुकडे होतात आणि कच्चा माल म्हणून पेशीला परत मिळतात. १९६३ साली ख्रिश्चन द डूव्ह यांनी या प्रक्रियेला नाव दिलं. लायसोसोमचा शोधही त्यांचाच. ऊर्जा घटली की एएमपीके हे प्रथिन ते हेरतं, वाढीला हिरवा कंदील देणारं एमटॉर गप्प बसतं, यूएलके१ पिशव्या बांधायला घेतं. ऑक्सिजनच कमी असेल तर आणखी एक वाट उघडते. एचआयएफ-१ हा घटक बीएनआयपी३ नावाचं प्रथिन वाढवतो, ते ऑटोफॅजी सुरू करणाऱ्या बेक्लिन-१ या प्रथिनाला मोकळं करतं आणि खराब मायटोकॉन्ड्रियावर खूण करतं, ‘हे उचला’. म्हणजे उपाशी पेशी आणि गुदमरलेली पेशी वेगवेगळ्या दारांनी एकाच खोलीत येतात. त्या बापाने जोडलेला धागा अगदीच वाऱ्यावरचा नव्हता.

जन्माच्या वेळी थोडी ऑटोफॅजी तर निसर्गालाच हवी असते. नाळ कापली की वारेतून येणारं अन्न थांबतं आणि आईचं दूध अजून उतरलेलं नसतं. २००४ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की उंदराच्या पिल्लांमध्ये जन्मानंतरच्या काही तासांत ऑटोफॅजी अचानक वाढते. ज्यांच्यात त्यासाठी लागणारा एटीजी-५ हा जनुकच नव्हता, ती पिल्लं एका दिवसात मेली. दोनच वर्षांनी आणखी एक निष्कर्ष आला. फक्त चेतापेशींमधली ऑटोफॅजी बंद केली तरी, कुठलाही आजार न देता, उंदरांच्या मेंदूत कचरा साचतो आणि पेशी झिजतात. चेतापेशी विभागत नाही, त्यामुळे कचरा दोघींत वाटून निम्मा करण्याची सोय तिला नाही. घर एकच, ते रोज झाडावं लागतं.

हे वाचल्यावर कोणीही म्हणेल, मग वाढवा की ऑटोफॅजी.

घंटागाडी आणि डेपो

पुण्यात राहिलेल्यांना उरुळी देवाची आणि फुरसुंगीचा कचरा डेपो माहीत आहे. गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या की दोन दिवसांत शहरभर भरलेल्या गाड्या उभ्या दिसायच्या. परगावचा पाहुणा त्या दिवशी आला असता तर म्हणाला असता, वा, किती कचरा उचलतात हो तुमच्याकडे!

गुदमरलेल्या मेंदूतल्या ऑटोफॅजीच्या अभ्यासात हा पाहुणा बरीच वर्षं शोधनिबंध लिहीत होता. पिशव्या मोजायला एलसी३ नावाचं प्रथिन वापरतात. पिशवी बनताना त्याचं रूप बदलतं आणि ते तिच्या पडद्याला चिकटतं. मेंदूच्या तुकड्यात हे बदललेलं रूप वाढलेलं दिसलं की ‘ऑटोफॅजी वाढली’ असं लिहायची पद्धत होती. पण पिशव्या दोन कारणांनी वाढतात. एक तर जास्त बांधल्या जातात, नाहीतर लायसोसोम माल घेत नाही म्हणून साचतात. ऑक्सिजन तुटल्यावर लायसोसोमही जायबंदी होतो. आतली आम्लता राखायला त्याला ऊर्जा लागते आणि ऊर्जाच नसते, पडदा फुटला तर पाचक रस पेशीत सांडतात. डेपो बंद असताना आणखी गाड्या रस्त्यावर सोडल्या तर शहर स्वच्छ होणार की तुंबणार?

यात एक गंमत आहे. योशिनोरी ओसुमी यांना २०१६चं नोबेल ज्या प्रयोगासाठी मिळालं, तो मुळात डेपो बंद करण्याचाच प्रयोग होता. यीस्टमध्ये माल पचवणारी विकरं नसलेला वाण घेऊन त्यांनी तो उपाशी ठेवला, आणि पचन न झालेल्या पिशव्या आत साचल्या. त्या साचल्या म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसल्या. काम सुरळीत चालू असताना ऑटोफॅजी नजरेला पडतच नाही. मग नुसतं दिसण्यावरून काम वाढल्याचं ठरवण्यात काय अर्थ?

उंदरांची दोन उत्तरं

नवजात मेंदूसाठी बहुतेक प्रयोगशाळा एकच पद्धत वापरतात, १९८१ पासूनची. सात दिवसांच्या उंदराच्या पिल्लाची एका बाजूची मानेतली रोहिणी बांधायची आणि त्याला आठ टक्के ऑक्सिजनच्या डब्यात ठेवायचं. एका बाजूचा मेंदू जखमी होतो, दुसरी बाजू तुलनेला मिळते.

२००८ साली याच पद्धतीने, एकाच वर्षात, दोन उलट उत्तरं आली. इटलीत पिल्लांना आधी रॅपामायसिन दिलं. हे औषध एमटॉरला दाबतं, म्हणजे ऑटोफॅजी वाढवतं. मेंदूची हानी कमी झाली. ऑटोफॅजी अडवणारी रसायनं दिल्यावर पेशी निवांत न मरता फुटून मरू लागल्या. निष्कर्ष : ऑटोफॅजी रक्षक. जपानमध्ये उंदरांच्या मेंदूतून एटीजी-७ हा जनुकच काढला, म्हणजे ऑटोफॅजी मुळातूनच बंद. त्यांच्या हिपोकॅम्पसमधल्या, म्हणजे मेंदूच्या स्मृतीशी जोडलेल्या भागातल्या, पेशी ऑक्सिजन तोडूनही जवळपास सगळ्या वाचल्या. निष्कर्ष : ऑटोफॅजी मारेकरी.

दोन्ही प्रयोग नीट केलेले आहेत. बारकाईने बघितलं तर ते एकमेकांना खोटं पाडत नाहीत, कारण त्यांचं घड्याळ वेगळं आहे. इटलीत औषध घावाच्या आधी दिलं होतं, डेपो चालू होता, गाड्यांनी आधीच साफसफाई करून ठेवली. जपानमध्ये घावानंतरची बेफाम ऑटोफॅजी मुळातूनच कापली गेली. माझ्या मते या विषयातला अर्धा गोंधळ ‘चांगली की वाईट’ असं विचारण्यामुळे झाला आहे. विचारायचं ते असं : घावापासून किती तास झाले, कुठली पेशी, आणि तिचा लायसोसोम शाबूत आहे का?

उंदीर सोडून माणसाच्या बाळाकडे येऊ. २०१४ साली लोझानच्या गटाने गुदमरून दगावलेल्या पूर्ण दिवसांच्या बाळांचे मेंदू तपासले. थॅलॅमस या मेंदूच्या खोल भागातल्या मरणाऱ्या चेतापेशींमध्ये ऑटोफॅजी आणि लायसोसोम दोन्हींच्या खुणा वाढलेल्या होत्या, आणि त्याच पेशींत आत्महत्येची यंत्रणाही सुरू झालेली होती. म्हणजे तिथे डेपो चालू होता आणि तरी पेशी मरत होती, स्वतःला खाता खाता.

बिट्टी

टेक्सासच्या डॅलसमध्ये बेथ लेव्हिन यांच्या प्रयोगशाळेने २०१३ साली पेशीमृत्यूच्या एका प्रकाराला ‘ऑटोसिस’ नाव दिलं. ऑटोफॅजी हाताबाहेर गेली की पेशी विशिष्ट प्रकारे मरते. केंद्रकाभोवतीच्या दुहेरी पडद्यामधली जागा फुगते. गंमत म्हणजे हा मृत्यू तोच सोडियम पंप घडवतो, जो बंद पडल्यामुळे पहिला घाव बसतो. पंपाला अडवणारी औषधं दिली तर पेशी वाचते. त्यांनी उंदराच्या गुदमरलेल्या पिल्लांना असं एक द्रव्य दिलं, नेरिफोलिन, आणि मेंदूची हानी कमी झाली.

नेरिफोलिन ज्या झाडांत सापडतं त्यात आपली बिट्टी आहे. पिवळी कण्हेर म्हणा हवं तर. आमच्या रुग्णालयाच्या कुंपणाला ओळीने लावली आहे, कारण गुरं तिला तोंड लावत नाहीत. लहानपणी तिच्या बियांनी आम्ही खेळलो, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी ओरडायचं, तोंडात घालू नको. विष म्हणून बिट्टीच्या बिया खाल्लेले रुग्ण मी इंटर्नशिपमध्ये पाहिले आहेत, हृदयाचे ठोके चुकत चुकत थांबायला आलेले. पंप हृदयातही तोच आहे. तेव्हा हा काही उपचार नव्हे, आणि कोणी घरी प्रयोग करू नये हे वेगळं सांगायला नको. पण कुंपणावरून जाताना आता मी त्या पिवळ्या फुलांकडे जरा थांबून बघते.

रॅपामायसिनचंही तसंच. १९६४च्या एका कॅनेडियन मोहिमेने ईस्टर बेटावरून आणलेल्या मातीतून ते निघालं, आणि ते शुद्ध करणाऱ्यांत भारतीय वंशाचे सुरेंद्रनाथ सेहगल होते. ते प्रतिकारशक्ती दाबतं. जन्मलेल्या दिवशीच जंतूंशी पहिली गाठ पडणाऱ्या बाळाला ते कसं द्यायचं? आणि घावाच्या आधी द्यायचं म्हणजे कधी? कुठलं बाळ गुदमरणार हे आधी कळत असतं तर औषधाची गरजच पडली नसती.

थंड करायचं का?

साडेसहा वाजता आमच्यासमोरचा प्रश्न मात्र रोकडा होता. बाळाचं शरीर ७२ तास ३३ ते ३४ अंशांवर ठेवणं हा या आजारावरचा एकमेव सिद्ध उपचार. २०१३ पर्यंतच्या ११ चाचण्या, १५०५ बाळं, आणि सात बाळांना थंड केलं की एकाचा मृत्यू किंवा मोठं अपंगत्व टळतं असा हिशेब. सुरुवात सहा तासांच्या आत करायची. आमच्याकडे पावणेदोन तास होते आणि बाळ आपोआपच ३४.६वर आलेलं.

पण त्या चाचण्या मुख्यतः श्रीमंत देशांतल्या. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात केंद्रांत ४०८ बाळांवर झालेली हेलिक्स चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. मुंबईचं सायन रुग्णालयही त्यात होतं. थंड केलेल्या गटात ४२ टक्के बाळं दगावली, न केलेल्या गटात ३१ टक्के. मृत्यू आणि अपंगत्व मिळून बघितलं तर ५० आणि ४७ टक्के, म्हणजे फायदा शून्य. चाचणी आली तेव्हा आमच्यातल्या काहींना ती पटली नाही. थंड करायची साधनं आपल्याकडेही परवडणारी झाली होती, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मदतीने तर वीज न लागणारा पाळणा तयार झालेला. इतकं जमल्यावर ‘करू नका’ ऐकणं जड जातं.

याची एक शक्यता मला सर्वांत पटते. आपल्याकडच्या बऱ्याच बाळांचा घाव प्रसूतीच्या शेवटच्या घटकेत बसत नाही. तो तास न् तास, कधी दिवसभर, पोटात हळूहळू बसत असतो. आपण जन्मापासून सहा तास मोजतो, पण फट तोवर कधीच बंद झालेली असते. दुसरा घाव सुरू झाल्यावर थंड करून उपयोग कमी आणि थंडीचे त्रास मात्र पूर्ण.

माझ्या सरांशी फोनवर बोलले. आई तेव्हा अजून पोचली नव्हती, हालचालींचं आम्हाला माहीत नव्हतं. सर म्हणाले, “पाणी कधीपासून हिरवं होतं? कोणी बघितलं?” रात्री साडेदहाला, गाडीतल्या कागदावर होतं. तेव्हाच हिरवं असेल तर त्रास त्याआधीचा. आम्ही बाळाला थंड न करायचं ठरवलं. हळूहळू ३६.५वर आणलं आणि एक नियम कडक पाळला : ताप येऊ द्यायचा नाही, कारण मेंदू गरम झाला की हानी वाढते. आईचं बोलणं दुसऱ्या दिवशी कळलं तेव्हा निर्णय बरोबर ठरला असं मला वाटलं. बरोबर ठरला हे सिद्ध करता येत नाही. एका बाळावर दोन उपचार करून बघता येत नाहीत.

ऑटोफॅजीचा विचार त्या पहाटे कोणीही केला नाही. करून काय करणार होतो? पेटीतल्या बाळाच्या थॅलॅमसमधली एलसी३ मोजायची सोय जगात कुठेच नाही. आमच्याकडे होतं ते डोक्यावर चिकटवलेल्या तारांचा मेंदूचा आलेख, लघवीचा हिशेब आणि डोळे.

पुढचे दिवस

अकराव्या तासाला सिस्टरने हाक मारली. बाळ सायकल चालवल्यासारखे पाय हलवत होतं आणि ओठ चोखत होतं. घरच्यांना काचेतून ते बरं लक्षण वाटलं, आजी म्हणाल्या, “भूक लागली बघा त्याला.” ते झटके होते. आलेखावर करवतीसारख्या रेघा. फिनोबार्बिटोन दिलं, दुसऱ्या मात्रेला थांबले. दुसऱ्या दिवशी लघवी कमी, मूत्रपिंडाचा त्रास दाखवणारं क्रिएटिनिन चढलेलं, तिसऱ्या दिवशी उतरायला लागलं. चौथ्या दिवशी नळीने दोन मिलिलिटर आईचं दूध दिलं. सहाव्या दिवशी बाळाने बोट चोखलं.

त्या सहाव्या दिवशी एमआरआय. अचानक, पूर्ण ऑक्सिजन तुटला तर मेंदूच्या खोल भागातले थॅलॅमस आणि पुटामेन जळतात, कारण या वयात सर्वाधिक खर्चिक पेशी तिथे असतात. हळूहळू आणि अर्धवट तुटला तर मोठ्या रक्तवाहिन्यांच्या हद्दीवरचे पट्टे जातात, शेवटच्या नळाला पाणी आधी बंद व्हावं तसे. या बाळात हद्दीवरचे पट्टे स्पष्ट दिसत होते, उजवीकडे जास्त. थॅलॅमसमध्ये पुसट डाग होते, आणि चालण्याच्या दृष्टीने जी पांढरी रेघ बघतात ती जागेवर होती. घाव रेंगाळत बसलेला आणि शेवटी एक झटका, असं चित्र. आईने सांगितलेलं घड्याळ फोटोत उमटलं होतं.

बापाला मी डेपोचं आणि गाड्यांचं सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे मोटार जळाली की वाइंडिंग काढून नवीन भरता येतं. इथं जळालेलं काढणाराच जास्त काढत बसतो.” मी वर्गात शिकवते तेव्हा आता हेच वाक्य वापरते. बाळ बाराव्या दिवशी घरी गेलं, तोंडाने दूध पीत.

चौदाव्या महिन्यात शीघ्र हस्तक्षेप केंद्रात आलं. हसतं, नाव घेतलं की वळतं, धरून उभं राहतं. डोक्याचा घेर मागे पडला आहे. आणि प्रत्येक वस्तू उजव्या हातानेच घेतं. या वयात एकच हात वापरणं ही आवड नसते, दुसऱ्या हाताची तक्रार असते. डावी मूठ वळलेली, अंगठा आत. आजीने येताना कुंपणावरचं पिवळं फूल तोडून त्याच्या हातात दिलं होतं, ते तोंडाकडे निघालं तसं त्यांनीच झटकन ओढून घेतलं.

फिजिओथेरपिस्टने उजव्या हातावर एक मोजा चढवला आणि सांगितलं, रोज तासभर हे असं ठेवायचं. आजींना पटेना. “अहो मॅडम, चांगला हात कशाला बांधायचा? बांधायचा तर वाईट बांधा.” आईने मात्र मोज्याची गाठ कशी मारायची ते दोनदा विचारून घेतलं. पोरगं आधी रडलं, मग मोजा दातांनी ओढला. निघेना. मग डावी मूठ अर्धवट उघडली, पुढे आली आणि मोज्याच्या टोकाला अडकली.